स्कीला भोकं पाडण्याआधी

ऑल-माउंटन, म्हणजे डोंगरावरच्या सगळ्या प्रकारच्या बर्फात चालणाऱ्या, त्यातही खेळकर स्वभावाच्या स्की निवडायच्या आणि त्यांवर बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडताना सोडून देणारा भाग, नेमकं कुठे बसवायचं हे ठरवायला मला मार्च ते डिसेंबर असे दहा महिने लागले. स्की निवडण्यात त्यातला थोडाच वेळ गेला. खरा जीव खाल्ला तो शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरने. सुरुवातीला मला कशाआधी काय करायचं तेच कळत नव्हतं, म्हणून जसं घडलं तसं क्रमाने लिहिते आहे.

माझ्या जुन्या स्की १७० सेंटिमीटर लांब आणि मधे ७८ मिलिमीटर रुंद. मशीन फिरवून सपाट केलेल्या उतारावर लांब, गोल वळणं कोरावीत तर त्यांच्यावरच. पण गेल्या हंगामात माझं लक्ष उताराच्या कडेला जायला लागलं होतं. कडेला बर्फाचे ढीग असतात, त्यावरून छोटी उडी मारता येते, झाडांमधून भुसभुशीत बर्फात शिरता येतं, मनात आलं तर गर्रकन फिरून चार-पाच मीटर पाठमोरं घसरता येतं. हे सगळं मला करायचं होतं आणि दर वेळी स्की म्हणायच्या, सरळ चल. टोक भुसभुशीत बर्फात बुडायचं, शेपूट सपाट असल्यामुळे पाठमोरं जाताना ती बर्फात रुतायची. ९ मार्चला तशीच शेपूट रुतून मी खांद्यावर पडले. लागलं थोडंच, पण त्याच रात्री ठरवलं की दुसऱ्या स्की घ्यायच्या.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि स्की दाखवा म्हटलं. तिथल्या तंत्रज्ञाने आधी माझे बूट पाहिले, पाय बाहेर काढायला लावला, आणि शांतपणे म्हणाला, "स्कीचं नंतर बघू. या बुटात तुमचा पाय फिरतोय." तेव्हा वाटलं, हा मला आणखी एक वस्तू विकतोय. आज वाटतं, सगळ्या प्रवासातला तोच सर्वांत कामाचा सल्ला होता. बूट सैल असला तर स्की काय करते आहे हे पायाला कळतच नाही, आणि मग बाइंडिंग दोन सेंटिमीटर पुढे की मागे या चर्चेला काही अर्थ उरत नाही.

बुटाचं माप मोंडोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. बाहेरचं कवच पूर्ण मापातच बनतं, २६ आणि २६.५ चं कवच एकच. आधी २५.५ चा बूट घालून पाहिला. आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घातला, बोटं पुढे टेकवली, तर टाचेमागे जेमतेम बोटाचं पेर मावेना. २६.५ मध्ये साधारण दीड सेंटिमीटर जागा राहिली, तो घेतला. अस्तर गरम करून पायाच्या आकाराचं करणं, घोट्याजवळ कवच थोडं फुगवणं, यासाठी दोन खेपा झाल्या. हा २५.५ चा बूट लक्षात ठेवा, डिसेंबरमध्ये तो परत येणार आहे.

घरी येऊन बुटाच्या टाचेजवळ कोरलेला आकडा वहीत लिहिला: ३०६ मिमी. ही तळव्याची लांबी. बाइंडिंगवाल्याच्या लेखी तुमची ओळख म्हणजे हा आकडा. पायाच्या मापाशी त्याची गल्लत करू नका, कारण एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या बुटांत तो वेगळा असू शकतो. बुटाच्या बाजूला तळाशी एक बारीक उभी रेघ असते, ती तळव्याचा मध्य. तीही त्याच दिवशी शोधून ठेवा.

एप्रिलच्या पहिल्या शनिवार-रविवारी हंगामअखेरीची भाड्याची स्की घेऊन तीन मॉडेल चालवून पाहिली. भाड्याचे पैसे जड वाटले होते, पण नव्या स्कीच्या किमतीसमोर ते किरकोळ आहेत. काही दुकानं पुढे खरेदी केली तर भाडं वजा करतात, विचारायला लाजू नका.

इथे एक शब्दाचा घोळ सांगून टाकते. स्कीच्या मधल्या रुंदीला कंबर म्हणावं असं फार वाटतं, पण स्कीच्या कमानीला कॅम्बर म्हणतात आणि बोलताना दोन्ही एकच ऐकू येतात. त्यामुळे मी मधली रुंदी असंच म्हणते. कॅम्बर म्हणजे स्की जमिनीवर ठेवली की मधे उचललेली दिसते ती कमान, वजन टाकलं की ती दबते आणि धार बर्फाला धरते. रॉकर म्हणजे उलट: टोक आणि शेपूट खूप आधीपासून वर उचललेली, त्यामुळे स्की सहज फिरते, भुसभुशीत बर्फावर तरंगते, पण कडक बर्फावर प्रत्यक्ष टेकणारी धार कमी होते. खेळकर ऑल-माउंटन स्कीमध्ये बहुधा दोन्ही असतं. पायाखाली कॅम्बर, दोन्ही टोकांना रॉकर, मधली रुंदी साधारण ९५ ते १०५, आणि शेपूटही टोकासारखी वळलेली.

पण हा सगळा आकार सारखा असूनही स्वभाव वेगळा निघतो तो आतल्या सामानामुळे. नॉर्डिकाच्या एन्फोर्सर १०० मध्ये टायटॅनलचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या एका मिश्रधातूचे, दोन थर आहेत. अटॉमिकच्या बेंट १०० मध्ये धातू नाही. मधली रुंदी दोन्हींची १००. एक खडबडीत बर्फातून शांतपणे कापत जाते, दुसरी हलकी आणि उड्या मारायला उत्सुक. यात चांगलं-वाईट काही नाही, तुम्हाला दिवसभर काय करायचं आहे एवढाच प्रश्न आहे. मला दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं आणि तिसऱ्या जोडीत ते मिळालं. मधे ९८, धातूचा अर्धाच थर आणि तोही फक्त पायाखाली, टोकं मऊ, वळणाची त्रिज्या १८ मीटर. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे येणारी मापं तिच्या एका वर्षाच्या एका लांबीची आहेत. कंपन्या नाव तेच ठेवून साचा बदलतात आणि मग ते आकडे वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

लांबीबद्दल मात्र मी चुकता चुकता वाचले. सवयीने १७० मागणार होते. पण रॉकर असलेल्या स्कीची जमिनीला टेकणारी लांबी तिच्या लेबलपेक्षा बरीच कमी असते. १७० ची रॉकरवाली स्की पायाखाली माझ्या जुन्या १७० पेक्षा आखूड वाटते. मी १७८ चालवली आणि पहिल्या दोन वळणांनंतर लांबी विसरले.

उन्हाळाभर वाचन केलं. दोन्हीकडून वळलेल्या स्कीचा काळ मला फार आवडला. १९९८ मध्ये सॉलोमन कंपनीने टेनएटी नावाची अशी स्की आणली आणि पाठमोरं स्कीइंग उड्या मारणाऱ्या तरुणांच्या हाती आलं. २००२ मध्ये स्कीपटू शेन मॅककॉन्की यांच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीची स्पॅचुला ही स्की निघाली. तिची कमान उलटी, बाजूचा घेर उलटा, आणि मूळ विचार पाण्यावरच्या स्कीवरून घेतलेला. भुसभुशीत बर्फावर आपण कोरत नाही, तरंगतो, हे त्यांनी ओळखलं. आज माझ्या स्कीच्या टोकाला जो उचललेला भाग आहे तो त्याच विचाराचा वंशज आहे. हे वाचलं की दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या स्कीकडे बघण्याची नजरच बदलते.

आणि त्याच वाचनात बाइंडिंगच्या जागेचा प्रश्न समोर आला. तोवर मला वाटत होतं की बाइंडिंग मधे बसतं, झालं. तसं नाही. स्कीचा खरा मध्य म्हणजे शून्य धरतात. बुटाची मध्यरेघ त्याच्या मागे, शेपटीकडे, जितके सेंटिमीटर असेल तेवढं वजा. सपाट उतारावर वळणं कोरणाऱ्या पारंपरिक स्की वजा दहा-बाराच्या आसपास असतात. उड्या आणि गिरक्यांसाठीच्या पार्कमधल्या स्की शून्य ते वजा तीन. खेळकर ऑल-माउंटन या दोहोंच्या मधे, वजा पाच ते वजा आठ. कंपनी आपली शिफारस रेघेने स्कीवर छापते. काही स्कींवर दोन रेघा असतात, एक सगळ्यांसाठी आणि एक थोडी पुढे, ज्यांना जास्त फिरायचं आहे त्यांच्यासाठी.

बूट पुढे सरकला की टोकाकडची लांबी आणि वजन कमी होतं, शेपटीकडे वाढतं. स्की पायाखाली फिरवणं सोपं होतं, पाठमोरं जाताना पुरेशी लांबी मिळते. त्याबदल्यात टोक लवकर बुडतं आणि वळण संपताना लांब शेपूट अडकू शकते. मागे सरकला की टोक तरंगतं, वेगात स्थिर वाटतं, पण गिरकी घ्यायला जास्त जोर लागतो. आणि तुम्ही कसे उभे राहता त्यावर हे सगळं फिरतं. नडगीने बुटाची जीभ जोरात दाबून पुढे झुकणाऱ्याला पुढे बसवलेली स्की टोकावर आपटवते. ताठ, मधोमध उभं राहणाऱ्याला मागे बसवलेली स्की वळायलाच तयार होत नाही.

माझी जुनी सवय कोणती? उत्तर मोजून काढलं. स्की सपाट फरशीवर ठेवली, बूट बाइंडिंगमध्ये अडकवला. टेप स्कीच्या पृष्ठभागावरून वळवत न्यायची नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवेत ताणून सरळ धरायची, आणि यासाठी दुसरं माणूस लागतं. सरळ लांबी आली १६९.२, मध्य ८४.६. शेपटीपासून बुटाच्या रेघेपर्यंत ७३.६. म्हणजे वजा अकरा. इतकी वर्षं मी वजा अकरावर उभी होते आणि नडगी दाबणं हीच माझी भाषा होती.

जुनं बाइंडिंगच नव्या स्कीवर टाकावं असाही विचार होता. दुकानाने दोन कारणांनी नाही म्हटलं. एक, ते रेल्ससकट त्या स्कीसाठीच बनलेलं होतं, दुसऱ्या स्कीवर बसणारच नाही. दुसरं, निर्मात्याच्या चालू यादीत नसलेलं बाइंडिंग बरेच तंत्रज्ञ बसवत किंवा जुळवत नाहीत, कारण त्याच्या सुटण्याची जबाबदारी कोणी घेत नाही. तेव्हा वाईट वाटलं, पण गुडघ्याचा प्रश्न असताना हे बरोबरच आहे. जुनी जोडी घेऊन जाणार असाल तर खेप घालण्याआधी यादी विचारून घ्या.

१४ ऑक्टोबरला स्की मागवल्या, बाइंडिंगशिवाय. १९ दिवसांनी, २ नोव्हेंबरला आल्या. खोलीत मेणाचा वास, वरचा थर अजून एकही ओरखडा नसलेला. पहिलं काम मोजण्याचं केलं. लेबल १७८, सरळ टेपने १७६.६. घाबरू नका, काही कंपन्या वाकवण्याआधीची लांबी लिहितात, त्यामुळे एवढा फरक येतो. मध्य ८८.३. छापलेली मुख्य रेघ शेपटीपासून ८२.१ वर, म्हणजे वजा ६.२. दुसरी रेघ वजा ३ च्या जवळ. मुख्य रेघ घेतली तरी जुन्या सवयीपासून जवळपास पाच सेंटिमीटर पुढे जायचं होतं. हा आकडा वहीत लिहिला त्या रात्री खरंच धास्तावले होते. दोन्ही स्की वेगवेगळ्या मोजा. माझ्या जोडीत रेघांमध्ये दोन मिलिमीटरचा फरक निघाला. शेपटीपासूनचं अंतर दोन्हींना एकच ठेवायचं हे त्यामुळे आधीच ठरलं.

मग सगळ्यात मोलाचे दोन दिवस. ६ आणि ७ डिसेंबरला त्याच मॉडेलची, त्याच लांबीची भाड्याची जोडी मिळाली. भाड्याच्या स्कीचं बाइंडिंग रेल्सवर पुढे-मागे सरकतं, म्हणजे भोक न पाडता जागा बदलून बघता येते. तंत्रज्ञाने ते कसं करायचं ते दाखवलं आणि ते इतकं साधं आहे की सांगितलंच पाहिजे. पुढच्या आणि मागच्या भागावर तळव्याच्या लांबीचे आकडे असतात. माझ्या ३०६ ला दोन्हीकडे ३०६ लावलं की बूट रेघेवर. पुढचा भाग ३२६ वर आणि मागचा २८६ वर लावला की दोन्हींची बेरीज तीच राहते, बूट तेवढाच घट्ट बसतो, पण सबंध बूट एक सेंटिमीटर पुढे जातो. उलट केलं की एक सेंटिमीटर मागे. दर वेळी बूट अडकवून मागच्या भागाचा पुढे रेटणारा दाब तपासायचाच, त्याची खूण बाइंडिंगवर असते, आणि हे तंत्रज्ञाकडूनच करून घ्यायचं. मी प्रत्येक बदलाला खाली येऊन त्यालाच दाखवत होते. तो कंटाळला नाही, याचं मला आजही अप्रूप आहे.

शनिवारी सकाळी बर्फ कडक, सपाट. रेघेवर तीन फेऱ्या, दोन सेंटिमीटर पुढे तीन फेऱ्या. पुढे बसवलेल्या स्कीने मी हरखून गेले. पाय वळवायचा विचार केला की स्की वळलेली असायची. पाठमोरं फिरणं, जे मला वर्षभर जमत नव्हतं, ते चौथ्या प्रयत्नात जमलं. दुपारी जेवायला थांबले तेव्हा वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "पुढे, नक्की पुढे."

दुपारी ढग आले, बर्फ तुडवून ढेकळं ढेकळं झाला. तीच स्की, तीच जागा. जुन्या सवयीने नडगी दाबली की टोक ढेकळात शिरायचं, दोनदा मी पुढे फेकली गेले. उभ्या उतारावर उंचवट्यांमधून जाताना प्रत्येक वळणाच्या शेवटी शेपूट मागच्या उंचवट्याला घासायची. सकाळचा निर्णय सकाळच्या बर्फापुरता होता.

रविवारी दोन सेंटिमीटर मागे करून पाहिलं. ढेकळांत काय सुरेख गेली! टोक वर राहायचं, जुन्या सवयीला घरी आल्यासारखं वाटलं. पण फिरताना पुन्हा तोच जोर, पुन्हा तीच खांद्यापासूनची ओढ. मी जिच्यासाठी जुनी स्की सोडत होते तीच गोष्ट परत आली होती. मग रेघेवर, मग अर्धा सेंटिमीटर पुढे, मग एक. दर वेळी दोन फेऱ्या सपाट उतारावर आणि एक कडेच्या खराब बर्फात. तिसऱ्या प्रहरापर्यंत पाय थकले होते, पण एक गोष्ट जाणवली. जागा बदलत होते तसतशी मीही बदलत होते. गुडघे थोडे जास्त वाकवून, घोट्यावरून ताठ उभी राहिले की रेघेवरची स्की अचानक हलकी वाटायची. रेघेच्या अर्धा सेंटिमीटर पुढे ती ढेकळांतही टिकत होती आणि फिरतानाही अडत नव्हती. एकावर गेले की ढेकळांत पुन्हा टोकाची धास्ती. वहीत लिहिलं: शेपटीपासून ८२.६, म्हणजे वजा ५.७.

अर्ध्या सेंटिमीटरने काय होतं, असं बरेच लोक म्हणतात. पायाला कदाचित सगळ्यांच्या कळणार नाही. पण स्कीच्या गाभ्यातल्या लाकडाला कळतं. नवं भोक जुन्या भोकाच्या केंद्रापासून किमान एक सेंटिमीटर लांब असावं असा संकेत आहे, नाहीतर मधलं लाकूड कमकुवत होतं आणि स्क्रू उपटून येऊ शकतो. म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरची चूक सुधारताच येत नाही. एकतर ती तशीच ठेवायची किंवा भोकं बुजवून आणखी लांब जायचं.

बाइंडिंग १० डिसेंबरला मागवलं. निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. माझ्या बुटाचा तळ ग्रिपवॉकचा आहे, चालायला सोपा असा थोडा गोलसर, आयएसओ २३२२३ मधला. जुना सपाट अल्पाइन तळ आयएसओ ५३५५ मधला. बाइंडिंगवर ग्रिपवॉकची खूण नसेल तर हा बूट त्यात घालायचा नाही, अडकला तरी नाही. दुसरं, सुटण्याच्या आकड्याचा, म्हणजे किती जोर आला की बाइंडिंग बूट सोडेल ते ठरवणाऱ्या आकड्याचा, पल्ला असा घ्या की तुमचा आकडा पल्ल्याच्या कडेला न येता आत कुठेतरी येईल. तिसरं ब्रेक, म्हणजे बूट सुटल्यावर स्कीला बर्फात थांबवणारे हात. ब्रेकची रुंदी स्कीच्या मधल्या रुंदीपेक्षा किंचित जास्त, पण साधारण १५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर वळताना ब्रेकचा हात बर्फात घासतो. माझ्या ९८ ला १०० चा ब्रेक हवा होता, दुकानात ९० आणि १२० होते. ९० चा "वाकवून बसवू" असं एकाने सुचवलं, मी नको म्हटलं. ११ दिवस थांबले.

२३ डिसेंबरला स्की, बाइंडिंग आणि दोन्ही बूट घेऊन गेले. बूट न नेता बाइंडिंग बसवायला देऊ नका. आधी अर्ज भरला: वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि स्कीइंगचा प्रकार, १ सावध, २ मध्यम, ३ आक्रमक. या पाचांवरून तक्त्यातून सुटण्याचा आकडा निघतो. वय ५० किंवा त्याहून जास्त असेल तर तो एक पायरी खाली येतो. माझा आकडा मुद्दाम इथे देत नाही, कारण दुसऱ्याचा आकडा पाहून स्वतःचा लावणारे लोक मी पाहिले आहेत. प्रकार खरा सांगा. मी दोन लिहिलं.

मी स्कीवर कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलने ८२.६ ची रेघ घरूनच काढून नेली होती आणि एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "छापील रेघेवर नाही, पेन्सिलच्या रेघेवर." तंत्रज्ञाने स्की शिकंजात आवळली, वर जिग चढवला. जिग म्हणजे भोकांची जागा ठरवणारा धातूचा साचा, तळव्याची लांबी लावली की पुढची-मागची भोकं आपोआप जुळतात. त्याचा काटा माझ्या पेन्सिलच्या रेघेवर बरोबर बसला होता. मी पट्टीवरचा आकडा वाचला: २९६.

"थांबा," मी म्हटलं, "माझं ३०६ आहे."

त्याने कागद पाहिला. मी नुकत्याच भरलेल्या अर्जावर ३०६ होतं, पण त्याने कामाची चिठ्ठी दुकानाच्या जुन्या नोंदीवरून काढली होती आणि तिथे मार्चमधला, मी घालून पाहिलेला २५.५ चा बूट होता. त्या क्षणी ते हसण्यावारी गेलं, पण घरी येऊन गणित केलं. जिग २९६ वर राहिला असता तर पुढचा भाग पाच मिलिमीटर मागे बसला असता. मागचा भाग त्याच्या पट्टीवर सरकवून बूट आरामात बसला असता, कोणालाच काही कळलं नसतं, आणि बुटाची मध्यरेघ पेन्सिलच्या रेघेच्या बरोबर अर्धा सेंटिमीटर मागे आली असती. दोन दिवस राबून शोधलेला अर्धा सेंटिमीटर. हेच तुम्ही नंतर वेगळ्या लांबीचे बूट घेतलेत तरी होतं, बाइंडिंग जुळवून दिलं जातं आणि मध्य गुपचूप सरकतो. म्हणून जिगवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. कोणी रागवत नाही.

जिग ३०६ वर आला. माझ्या स्कीवर शेपटीजवळ ४.१ × ९ असं छापलं आहे. ४.१ मिलिमीटरचा ड्रिल, ९ मिलिमीटर खोल, धातूचा थर असल्यामुळे. धातू नसलेल्या स्कींना बहुधा ३.५ किंवा ३.६ लागतो. ड्रिलला ९ वर अडसर असतो, नाहीतर खालून बाहेर निघेल. आधी वरच्या प्लास्टिकचं निळं कुरळं सालपट निघालं, मग काचतंतूची पांढरी भुकटी, मग दोन-तीन चंदेरी कण, आणि शेवटी फिकट पिवळा लाकडाचा भुसा. त्याचा वास आला, सुताराच्या दुकानात येतो तसाच. इतके महिने आकड्यांत पाहिलेली स्की आतून झाडच आहे हे तेव्हा कळलं. मग प्रत्येक भोकात आटे पाडले, भुसा फुंकून काढला, गोंदाचा एकेक थेंब सोडला. गोंद स्क्रूला धरतो त्याहून जास्त पाण्याला अडवतो, वितळलेलं पाणी आत गेलं की लाकूड कुजतं. स्क्रू पोझिड्राइव्ह तीन नंबरच्या पेचकसाने आवळले. घरातल्या साध्या फिलिप्स पेचकसाने त्यांची डोकी झिजतात, हे पुढे स्क्रू तपासताना लक्षात ठेवा.

गोंद वाळायला रात्रभर ठेवून २४ ला परत गेले. बूट अडकवून दाब पाहिला, मग यंत्रावर बूट फिरवून आणि पुढे ओढून प्रत्येक बाइंडिंग खरंच किती जोराला सुटतं ते मोजलं. कागदावर दोन्ही आकडे लिहून सही घेतली. ती प्रत जपून ठेवा, पुढच्या तपासणीला लागते.

२८ डिसेंबरला पहिल्यांदा बर्फावर नेल्या. पहिले दोन दिवस उंचवट्यांत शेपूट अडकली आणि मन खट्टू झालं. तिसऱ्या दिवशी पुढे झुकणं मुद्दाम कमी केलं, वळण सुरू करताना नडगी टेकवायची पण चिरडायची नाही असं ठरवलं, आणि शेपूट सुटू लागली. आता नऊ दिवस झालेत. कडेच्या ढिगावरून उडी मारते, फिरते, पाठमोरी जाते, परत फिरते. जेमतेम चार-पाच सेकंदांचा खेळ आहे आणि तो करताना दर वेळी तोंडून आवाज निघतो.

काल संध्याकाळी स्क्रू तपासले, सगळे घट्ट. पेन्सिलच्या रेघेची चिकटपट्टी मी फेकली नव्हती, ती वहीच्या शेवटच्या पानावर लावली आहे. शेजारी लिहिलंय: सरळ लांबी १७६.६, मध्य ८८.३, शेपटीपासून ८२.६, तळवा ३०६.